बारातून दोन: पॅक-१२ मोडली त्याची हकिकत

अमेरिकेत फुटबॉलच्या हंगामात दर शनिवारी सकाळी ईएसपीएनवर 'कॉलेज गेमडे' लागतो. दर आठवड्याला वेगळं विद्यापीठ, मैदानाबाहेर मंच टाकून बसलेले समालोचक, आणि त्यांच्या पाठीमागे पहाटेपासून जागा धरून उभी राहिलेली पोरं. त्या गर्दीत, सामना कुणाचाही असो, किरमिजी रंगाचा एक झेंडा हलत असतो. तो वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा. ऑक्टोबर २००३ मध्ये एका माजी विद्यार्थ्याने तो टेक्सासातल्या ऑस्टिनला पहिल्यांदा नेला. तेव्हापासून तो या गावाहून त्या गावी पार्सलने जातो, आणि तिथला कुणीतरी माजी विद्यार्थी अंधारात उठून तो घेऊन उभा राहतो. हा खटाटोप सुरू झाला तो या कार्यक्रमाने एकदा विद्यापीठाच्या गावी, पुलमनला यावं म्हणून. कार्यक्रम आला २०१८ मध्ये, पंधरा वर्षांनी. झेंडा त्यानंतरही थांबला नाही.

२३ सप्टेंबर २०२३ ला पुलमनमध्ये वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट यांचा सामना होता. दोघंही पॅक-१२ या बारा विद्यापीठांच्या गटातले; बाकीचे दहा तो गट सोडून निघाले होते आणि मागे हे दोघंच उरले होते. राष्ट्रीय क्रमवारीत ओरेगन स्टेट चौदाव्या आणि वॉशिंग्टन स्टेट एकविसाव्या स्थानावर. त्या सकाळी गेमडेवरच्या एका ज्येष्ठ समालोचकाने या सामन्याला 'कुणालाच नको असलेल्यांची लढत' अशा अर्थाचं नाव दिलं. वॉशिंग्टन स्टेटने सामना ३८-३५ असा जिंकला, आणि जिंकूनही प्रशिक्षक जेक डिकर्ट पत्रकारांसमोर बोलले ते त्या शब्दांबद्दल. त्यांचा संताप मला शंभर टक्के रास्त वाटतो. वीस वर्षं ज्यांनी तुमच्या कार्यक्रमात झेंडा नाचवला, त्यांच्याच घरचं मोडलेलं असताना हे बोलायचं?

हे दोघं 'नको' आहेत हे कुणी ठरवलं आणि कोणत्या मापाने ठरवलं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

कॉन्फरन्स म्हणजे काय

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, महाराष्ट्रात 'अश्वमेध' होतो. खेळाडू जीव तोडून खेळतात, पण ते सामने दाखवण्यासाठी कुठलं चॅनल कोट्यवधी मोजत नाही. अमेरिकेत विद्यापीठाच्या फुटबॉलला (हा तिकडचा, हातात चेंडू घेऊन पळायचा फुटबॉल) शनिवारी लाखभर माणसं मैदानात बसतात आणि लाखो घरांत टीव्ही चालू असतो. विद्यापीठं आपापल्या भागातल्या विद्यापीठांशी गट करून खेळतात. हा गट म्हणजे कॉन्फरन्स. वेळापत्रक ती ठरवते, अजिंक्यपद ती देते, आणि प्रक्षेपण हक्कही सगळ्यांच्या वतीने तीच विकते. आलेला पैसा सभासदांत वाटला जातो. एकट्या फुटबॉलच्या कमाईवर त्या विद्यापीठाचं पोहणं, नौकानयन, सॉफ्टबॉल, कुस्ती असं सगळं चालतं. फुटबॉलचं बिनसलं की जलतरण तलावापर्यंत झळ लागते ती यामुळे.

पूर्वी हे हक्क कॉन्फरन्सच्या हातात नव्हते. कुठला सामना टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ही देशपातळीवरची संस्था ठरवायची, आणि एका संघाने किती वेळा दिसायचं यावरही मर्यादा होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की ही मक्तेदारी आहे. विरोधात मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती बायरन व्हाइट होते. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू. शिक्षणसंस्थेचा खेळ उघड्या बाजारात सोडला तर त्याचं काय होईल, ही धास्ती त्यांच्या मतात दिसते. निकाल कायद्याने बरोबर असेलही, पण व्हाइट यांची धास्ती खोटी ठरली नाही. त्या दिवसापासून प्रत्येक विद्यापीठाला स्वतःची वेगळी किंमत आली.

किमतीचा भ्रम

पॅकची मुळं १९१५ ची. त्या डिसेंबरात पोर्टलंडमध्ये चार विद्यापीठांनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स काढली: बर्कलीचं कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, आणि आज ज्याला ओरेगन स्टेट म्हणतात ते शेतकी महाविद्यालय. वॉशिंग्टन स्टेट १९१७ ला आलं, स्टॅनफर्ड त्याच्या पुढच्या वर्षी, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) १९२२ ला, यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस शाखा) १९२८ ला. मधे १९५९ ला एकदा मोडून पुन्हा बांधणी झाली, १९७८ ला ॲरिझोनाची दोन विद्यापीठं आली, २०११ ला यूटा आणि कोलोरॅडो, आणि नाव पॅक-१२ झालं. सगळ्या खेळांत मिळून पाचशेच्या वर राष्ट्रीय अजिंक्यपदं या गटाकडे होती. इतकी दुसऱ्या कुणाकडेच नाहीत.

२०११ मध्ये कमिशनर, म्हणजे कॉन्फरन्सचे प्रमुख, लॅरी स्कॉट यांनी ईएसपीएन आणि फॉक्सशी १२ वर्षांचा, सुमारे ३ अब्ज डॉलरचा करार केला. तेव्हाच्या मानाने विक्रमी. त्याच जोरावर २०१२ मध्ये कॉन्फरन्सने स्वतःचं चॅनल काढलं आणि त्यात कुणालाही भागीदार घेतलं नाही. मालकी पूर्ण आपली, नफा पूर्ण आपला. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसतं, आणि या प्रकरणातली पहिली मोठी चूक मला हीच वाटते. बिग टेन आणि एसईसी या दुसऱ्या दोन मोठ्या कॉन्फरन्स. बिग टेनने चॅनल काढलं ते फॉक्सला भागीदार घेऊन, एसईसीने ईएसपीएनच्या पंखाखाली. त्यामुळे ते चॅनल घराघरांत पोचवण्यात बलाढ्य कंपन्यांचाच स्वार्थ होता. पॅकच्या चॅनलसाठी भांडणारं कुणी नव्हतं. डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेवर ते शेवटपर्यंत आलंच नाही. स्वतःच्या मुलाचा सामना बघता येत नाही अशी आईबापांची तक्रार वर्षानुवर्षं चालू होती. त्यात पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना न्यूयॉर्कमध्ये रात्री साडेदहाला लागणार. देशातला निम्मा प्रेक्षक तोवर झोपलेला. २०२३ च्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट बाहेर आली: एका केबल कंपनीने या चॅनलला वर्षानुवर्षं जादा पैसे दिले होते, सुमारे ५ कोटी डॉलर, आणि ते आता वळते करून द्यायचे होते.

जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठं बिग १२ ही कॉन्फरन्स सोडून एसईसीकडे निघाली आणि उरलेली बिग १२ उघड्यावर पडली. पॅकला तेव्हा त्यातली चारदोन विद्यापीठं सहज उचलता आली असती. नवे कमिशनर जॉर्ज क्लियाव्हकॉफ महिन्यापूर्वीच रुजू झाले होते. पॅकने ठरवलं, आपल्याला कुणाची गरज नाही. त्याऐवजी बिग टेन आणि एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) यांच्याबरोबर 'अलायन्स' जाहीर केला. त्यात लेखी करार असा नव्हताच, परस्परांवरचा विश्वास हाच आधार आहे असं सांगितलं गेलं.

दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ ला, त्याच बिग टेनने यूएससी आणि यूसीएलए नेली.

दोन्ही लॉस एंजेलिसची विद्यापीठं, आणि लॉस एंजेलिस ही अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची टीव्ही बाजारपेठ. ती गेली म्हणजे दुकानातला दर्शनी मालच गेला. यूसीएलएच्या बाजूनेही सांगायला हवं: त्यांच्या क्रीडा विभागाची तूट तीन वर्षांत १० कोटी डॉलरच्या वर गेली होती. पुढच्याच ऑगस्टात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा, ७ अब्ज डॉलरहून मोठा करार जाहीर केला. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच सरकारी विद्यापीठ व्यवस्थेची दोन लेकरं. एक श्रीमंत घरी गेलं आणि दुसरं मागे राहिलं, म्हणून नियामक मंडळाने पुढे यूसीएलएला तीन वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले.

आता खरा कळीचा काळ आला, २०२२ चं शरद. त्या वेळच्या वार्तांकनानुसार ईएसपीएनने उरलेल्या दहा विद्यापीठांना प्रत्येकी सुमारे ३ कोटी डॉलर देऊ केले होते. विद्यापीठांच्या अध्यक्षांनी ५ कोटी मागितले. ईएसपीएन उठून गेलं. तिकडे बिग १२ चे नवे कमिशनर ब्रेट यॉर्मार्क यांनी आपला जुना करार संपायची वाट पाहिली नाही. ऑक्टोबरातच ईएसपीएन आणि फॉक्सशी सहा वर्षांचा करार करून टाकला, प्रत्येकी ३ कोटी १७ लाख. वर्षभरापूर्वी जिची कीव केली जात होती त्या कॉन्फरन्सने आधी ताट वाढून घेतलं, आणि पॅकसाठी पातेल्यात फार उरलं नाही.

पाच कोटींचा आकडा आला कुठून? माझ्या मते तो अभिमानातून आला. स्टॅनफर्ड आणि बर्कलीचा शैक्षणिक लौकिक, सिलिकॉन व्हॅलीची श्रीमंती, पाचशे अजिंक्यपदं. हे सगळं खरंच मोलाचं आहे. पण समोरचा गिऱ्हाईक त्यातलं काहीही विकत घेत नव्हता. तो शनिवारी संध्याकाळी किती घरांत टीव्ही लागतो एवढंच मोजत होता.

चार ऑगस्ट

२७ जुलै २०२३ ला कोलोरॅडोने बिग १२ ची वाट धरली. नऊ उरले. १ ऑगस्टला क्लियाव्हकॉफ यांनी अध्यक्षांपुढे अखेर एक प्रस्ताव ठेवला, ॲपलचा. बहुतेक सगळे सामने ॲपलच्या स्ट्रीमिंगवर. प्रत्येकी अडीच कोटी डॉलरच्या आसपास, आणि वर्गणीदार वाढतील तसा वाटा वाढेल. वर्गणीदार वाढवायचे म्हणजे ते काम एका अर्थी विद्यापीठांवरच आलं. शिवाय दर शनिवारी चॅनल फिरवताना सहज दिसणारा संघ आता पैसे भरून शोधावा लागणार. नव्या खेळाडूच्या घरी जाऊन प्रशिक्षकाने सांगायचं काय? प्रस्ताव अगदीच टाकाऊ होता असं मी म्हणणार नाही, दहा वर्षांनी कदाचित सगळेच तसे सामने बघत असतील. पण बिग टेनच्या आकड्याशेजारी तो ठेवला की हात आखडत होता.

शुक्रवार, ४ ऑगस्ट. सकाळी नऊ विद्यापीठांचे प्रमुख दूरस्थ बैठकीत जमणार होते. तिथे 'हक्कदान' करारावर सह्या व्हायच्या होत्या. म्हणजे प्रत्येक विद्यापीठाने आपले प्रक्षेपण हक्क ठरावीक वर्षं कॉन्फरन्सच्या नावे करायचे. त्यानंतर सोडून गेलं तरी हक्क मागेच राहतात, म्हणून कुणी जात नाही. सारा डोलारा या एका कागदावर उभा असतो. पॅकचा जुना कागद २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होता आणि नव्यावर सही नव्हती. टेक्सास आणि ओक्लाहोमाला बिग १२ मधून वर्षभर आधी निघायला मिळून १० कोटी डॉलर मोजावे लागले. पॅकच्या दारावर त्या सकाळी कुलूपच नव्हतं.

बैठक सुरू होता होता कळलं की वॉशिंग्टन सही करणार नाही. ओरेगनही नाही. दोघंही बिग टेनकडे निघाले होते, तेही पूर्ण वाट्यावर नाही, सुरुवातीला सुमारे ३ कोटी डॉलरवर. जो आकडा वर्षापूर्वी त्यांच्याच कॉन्फरन्सने कमी म्हणून नाकारला होता, तोच. संध्याकाळपर्यंत ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग १२ मध्ये गेले. सकाळी नऊ होते, रात्री चार. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये जागा मिळवली, पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशात फक्त ३० टक्के वाटा घेऊन. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं अटलांटिकच्या गटात. चार ऑगस्टच्या सुमारास डिकर्ट यांनी पत्रकारांना एक प्रश्न केला होता: टीव्हीच्या पैशाने कॉलेज फुटबॉल मोडायला किती काळ लागेल असं लोक पूर्वीपासून विचारायचे, तो दिवस हाच तर नाही?

उरले ते दोघं

पुलमन म्हणजे गव्हाच्या टेकड्यांमधलं सुमारे ३३ हजार वस्तीचं गाव, सिअ‍ॅटलपासून साडेचारशे किलोमीटर. ओरेगन स्टेटचं गाव कॉर्वालिस, वस्तीने त्याच्या जवळपास दुप्पट. दोन्ही सरकारी, शेतीच्या शिक्षणासाठी जमीन देऊन उभी केलेली विद्यापीठं. सिअ‍ॅटलमध्ये टीव्ही जास्त, पुलमनमध्ये कमी. याहून वेगळा अपराध या दोघांच्या नावावर मला सापडत नाही. संघ चांगले होते, मैदानं भरत होती. ओरेगन स्टेटने तर आपल्या स्टेडियमच्या नूतनीकरणावर १६ कोटी डॉलरच्या वर खर्च केले होते. नवं स्टेडियम उघडलं ते सप्टेंबर २०२३ मध्ये, कॉन्फरन्स मोडल्यानंतर महिन्याभराने.

दोघांनी रडत बसण्याऐवजी नियमावली उघडली. हा भाग मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो. पॅकच्या नियमांत लिहिलं होतं की १ ऑगस्ट २०२४ च्या आत जो सभासद जाण्याची सूचना देईल, त्याचा प्रतिनिधी संचालक मंडळावर राहणार नाही. दहा जण तर चालले होते. मग मंडळ म्हणजे कोण? उरलेले दोघंच. जाणारे म्हणाले, आम्ही अजून वर्षभर इथेच खेळणार आहोत, आम्हाला मत हवं. म्हणजे घर सोडणारे बहुमताने ठरवणार की घरातली भांडी कशी वाटायची. पण यूएससी, यूसीएलए आणि नंतर कोलोरॅडो यांनी सोडचिठ्ठी दिली तेव्हा याच कॉन्फरन्सने त्यांना मंडळावरून बाजूला केलं होतं. तोच दाखला पुढे करून ओरेगन स्टेटच्या अध्यक्ष जयती मूर्ती आणि वॉशिंग्टन स्टेटचे अध्यक्ष कर्क शुल्झ यांनी पुलमन ज्या व्हिटमन काउंटीत येतं, तिथल्याच न्यायालयात दावा लावला. मूर्ती मूळच्या भारतीय, आयआयटी कानपूरच्या अभियंत्या. वर्षभरापूर्वीच त्या पदावर आल्या होत्या. न्यायाधीश गॅरी लिबी यांनी १४ नोव्हेंबरला दोघांच्या बाजूने आदेश दिला, आणि डिसेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तडजोडीत जाणाऱ्या प्रत्येकाने ६५ लाख डॉलर सोडले. नाव, गंगाजळी आणि पुढची देणी, सगळं दोघांकडे राहिलं.

पण खटला जिंकून माणसं थांबत नाहीत. ओरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ त्याच विद्यापीठातून खेळलेले, घरचे. नोव्हेंबरातच ते बिग टेनमधल्या मिशिगन स्टेटला गेले. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२५ च्या खेळाडू-निवडीत देशात पहिला आला. इतकं बोलून दाखवणारे डिकर्टसुद्धा २०२४ च्या अखेरीस वेक फॉरेस्टला गेले. यात मी कुणाला दोष देणार नाही. खेळाडूची उमेदीची वर्षं चार, त्याने ती कोणत्या भरवशावर तिथे काढायची?

गेलेल्यांचंही सगळं सुखाचं झालेलं नाही. यूसीएलएच्या मुलींना सॉफ्टबॉलसाठी न्यू जर्सीतल्या रटगर्सला जायचं म्हणजे चार हजार किलोमीटरच्या आसपास आणि तीन तासांचा घड्याळातला फरक. फुटबॉलचा संघ हंगामात पाचसहा वेळा प्रवास करतो, तोही स्वतंत्र विमानाने. बाकीचे खेळ आठवड्याच्या मधल्या दिवशीही असतात आणि दुसऱ्या दिवशी वर्ग असतो. करार फुटबॉलकडे बघून झाला, झोप यांची गेली.

ॲपल कप

वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा सामना 'ॲपल कप' म्हणून ओळखला जातो. ते सफरचंदांचं राज्य, म्हणून हे नाव. एका कॉन्फरन्समधला शेवटचा ॲपल कप २५ नोव्हेंबर २०२३ ला सिअ‍ॅटलमध्ये झाला. वॉशिंग्टन तोवर अपराजित. मिनिटभराच्या आसपास वेळ उरला होता, २१-२१ बरोबरी, वॉशिंग्टन स्वतःच्याच २९ यार्डांच्या रेषेवर, चौथा म्हणजे शेवटचा डाव आणि एक यार्ड हवा. अशा जागी बहुतेक प्रशिक्षक चेंडू लाथेने दूर धाडतात. वॉशिंग्टनने रोम ओडुन्झेच्या हाती दिला, तो २३ यार्ड पळाला. शेवटच्या क्षणी ग्रेडी ग्रॉसने ४२ यार्डांवरून किक मारली आणि सामना २४-२१ संपला. ग्रॉसला तोवर शिष्यवृत्तीसुद्धा नव्हती. ती त्याला सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये, सगळ्या संघासमोर जाहीर झाली, आणि सोबत्यांनी त्याला उचलून घेतलं. कोट्यवधींच्या हिशेबात या पोराची रक्कम कुठे मांडायची? वॉशिंग्टन तिथून ८ जानेवारी २०२४ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेलं. जिला ५ कोटींची किंमत कुणी दिली नाही, त्या कॉन्फरन्सचं ते शेवटचं वर्ष होतं.

पुढच्या वर्षी दोन विद्यापीठांच्या पॅकने माउंटन वेस्ट कॉन्फरन्सला १ कोटी ४० लाख डॉलर मोजून सामने मिळवले. ओरेगन स्टेटच्या बेसबॉल संघाला २०२५ चा हंगाम कुठल्याही कॉन्फरन्सविना काढावा लागला, आणि तशा अवस्थेतही तो ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत पोचला. सप्टेंबर २०२४ पासून बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, यूटा स्टेट, मग बास्केटबॉलसाठी गोंझागा आणि शेवटी टेक्सास स्टेट अशी नावं जमली. नवी पॅक १ जुलै २०२६ पासूनची. सॅन डिएगो स्टेट २०२३ मध्येच यायला तयार होतं, तेव्हा त्याला दारात उभं ठेवलं होतं.

१४ सप्टेंबर २०२४ ला ॲपल कप पुन्हा झाला, आता दोन वेगळ्या कॉन्फरन्समध्ये. सामना नेहमीच्या चॅनलवर नव्हता, पीकॉकच्या स्ट्रीमिंगवर होता. शेवटच्या मिनिटांत वॉशिंग्टन गोलरेषेपासून एका यार्डावर पोचलं. चौथा डाव. चेंडू घेऊन पळणाऱ्याला वॉशिंग्टन स्टेटच्या पोरांनी रेषेच्या अलीकडेच खाली पाडलं. २४-१९. सिअ‍ॅटलच्या मैदानावर किरमिजी कपड्यातली माणसं बराच वेळ उठली नाहीत. या सामन्याचा करार सध्या २०२८ पर्यंतचा आहे.